एकट्याला खोली

३० जाने., शुक्र.

सुट्टी. पाणी भरलं, भांडी घासली, कपडे वाळत टाकले. नऊ वाजेपर्यंत सगळं संपलं. मग बसून राहिलो.

कंपनीची सुट्टी शुक्रवारची. पावण्याच्या एमआयडीसीत बऱ्याच ठिकाणी तशीच. लोकांचा रविवार आमच्या वाट्याला कधी आलाच नाही. मं.ला त्याचं वाईट वाटायचं नाही, उलट खूश. "रविवारी सगळी मुंबई समुद्रावर. आपला शुक्रवार बरा, समुद्र मोकळा." गुरुवारी मी लॅबमधून अर्ध्या दिवसानं सुटायचो. ती पनवेल स्टँडवर पिशवी घेऊन उभी. जी गाडी लागली असेल तीत बसायचं. न बघितलेलं गाव, एक रात्र, शुक्रवारी संध्याकाळी परत. महिन्या-दीड महिन्यातून एकदा तरी. लग्नापासून कितीतरी वर्षं.

परवा पौर्णिमेला तिला जाऊन तीन महिने होतील.

दुपारी अश्विनीचा फोन. "पप्पा, जेवलात का? काय केलंत?" पिठलं म्हणालो. पिठलं कालचं होतं.

१ फेब्रु., रवि.

कामावरून आलो तर अ. आणि जावई दारात. उलव्याहून गाडी काढून आले होते. जावई सोफ्यावर बसून मोबाईल बघत होता, म्हणजे बोलणं आधीच ठरलेलं.

त्यांच्या बिल्डिंगमध्ये एक खोली जास्त असलेला फ्लॅट एप्रिलला रिकामा होतोय. मी जाणार असेन तर ते तो भाड्यानं घेणार. मालकाला पाडव्यापर्यंत सांगायचंय. घणसोलीचं हे घर बंद करायचं.

अ. म्हणाली, "तुमची काळजी करून करून माझं ऑफिसात लक्ष लागत नाही." खरं असेल.

मला उलव्यात काय करायचंय ते कळत नाही. इथं काय करतोय तेही कळत नाही. पण गेलो की संपलं. मग सकाळी कुणी चहा देणार, संध्याकाळी कुणी औषध देणार, मी खुर्चीत. तिची काही चूक नाही त्यात.

म्हणालो, "एकदा मला एकट्यानं जाऊन येऊ दे. आम्ही जायचो तसं. कुठल्या तरी गावाला, रात्र राहून. ते जमलं तर मला एकट्यानं राहता येतंय असं समज. नाही जमलं तर तू म्हणशील तसं."

"पप्पा, ही काय परीक्षा आहे?"

"असंच समज."

असं मी का बोललो माहीत नाही. तोंडातून गेलं. जावई म्हणाला, "जाऊ दे ना त्यांना, चेंज होईल."

६ फेब्रु., शुक्र.

काल रेवदंडा. अलिबागपर्यंत एक गाडी, पुढं दुसरी.

गाव चांगलं आहे. असावं. नारळ-सुपारीच्या वाड्या, मधून अरुंद रस्ता, पुढं किल्ल्याची पडकी भिंत, भिंतीपलीकडं एकदम समुद्र. मं. असती तर "आवं, बघा तरी" म्हणाली असती. मी बघितलं. बघून झाल्यावर पुढं काय करायचं ते कळेना. वाळूवर उभा राहिलो, मग परत भिंतीच्या आत आलो.

खोलीचं विचारायला पाहिजे होतं. स्टँडजवळ एक बाई पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन बसली होती. मं.नं तिलाच विचारलं असतं. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. ती म्हणाली, "घ्या काका, गोड आहे." माळ घेतली. दुसरं काही बोलता आलं नाही. आठच्या आत पनवेल.

घरात माणूस एक, आणि माळभर कांदे. शेजारी देऊन टाकले.

अ.ला सांगितलं, राहिलो नाही, उशीर झाला असता म्हणून आलो. ती म्हणाली, "ठीक आहे." त्या ठीक आहेचा अर्थ मला कळतो.

१३ फेब्रु., शुक्र.

काल मुरूड. यावेळी विचारायचं ठरवून गेलो होतो. बसमध्ये मनात वाक्य तयार केलं. एका रात्रीसाठी खोली मिळेल का. सोपं आहे.

समुद्रासमोर ओळीनं लॉज. पहिल्या ठिकाणी:

"किती जण?"

"एक."

"फॅमिली नाही?"

"नाही."

"सिंगलला देत नाही काका."

दुसरं घरगुती होतं, अंगणात झोपाळा. बाईनं आधी माझ्या पिशवीकडं बघितलं. "सामान एवढंच?" हो म्हणालो. "आमच्याकडं आज पाहुणे यायचेत घरचेच." पाहुणे येणार असलेलं घर तसं वाटत नव्हतं.

तिसऱ्या ठिकाणी काउंटरवरच्या माणसानं आधार कार्ड घेतलं, उलटसुलट केलं, आत जाऊन फोनवर बोलला, बाहेर येऊन म्हणाला, "फुल्ल आहे." त्याच्या मागं बोर्डावर सगळ्या किल्ल्या लटकत होत्या. मी किल्ल्यांकडं बघतोय हे त्यानं बघितलं.

चौथ्या ठिकाणी विचारलंच नाही.

शेवटच्या गाडीपर्यंत वेळ होता म्हणून सुरूच्या झाडांखाली बसलो. समोर पाण्यात किल्ला. एक कुटुंब फोटो काढत होतं. त्यातल्या माणसानं मला फोटो काढायला सांगितला. काढून दिला. "अंकल, एक आणखी." आणखी एक काढला. दिवसभरात मला कुणी दिलेलं काम एवढंच.

१४ फेब्रु., शनि.

लॅबमध्ये मढवी चहा घेऊन आला. मढवी आमचा जुना ऑपरेटर, घणसोली गावातला मूळचा. त्याच्या बापाची शेती गेली, आता गावठाणात त्याच्या चार मजले खोल्या भाड्यानं आहेत. मुरूडचं त्याला सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, मी असलं सांगत नाही.

तो हसला. "बरोबर हाय त्यांचा. मीपन देत नाय. एकला मानूस खोली मागाला आला का आमची म्हातारी आधी विचारते, बायको कुठं हाय? एकल्या मानसाला बघून मालकाला दोनच डाऊट येतात साहेब. एकतर लफडा, नायतर फास. तुमच्याकडं बघून लफडा तर वाटत नाय..."

मग चहाचा कप माझ्याकडं सरकवला. "तसा नाय बोललो मी. सॉरी हां."

असू दे म्हणालो. खरंच राग आला नाही.

संध्याकाळी दाढी करताना तोंड नीट बघितलं. त्या काउंटरवाल्याला काय दिसलं असेल ते दिसतंय का बघत होतो. काही दिसलं नाही. रोजचंच तोंड. पण त्यालाही रोजचंच दिसलं असणार.

२१ फेब्रु., शनि.

काल कुठं गेलो नाही. झोपून होतो.

एकदा हर्णैला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. ओळखीचं कुणी नाही. मी म्हणालो, आता काय? मं. म्हणाली, "तुमी नुसती पिशवी धरा. बोलायचं काम माझं." बंदरावर मासळीच्या पाट्या उचलणाऱ्या बायकांत शिरली. पाच मिनिटांत त्यांच्यातल्या एकीच्या दिराच्या घरात आम्हाला खोली. रात्री जेवताना त्या घरातल्या सुनेचं माहेर निघालं वाईचं, म्हणजे मं.च्याच जिल्ह्यातलं. झालं. साताऱ्याच्या गप्पा, मी जेवून कधी झोपलो त्यांना पत्ता नाही. सकाळी निघताना सून रडली.

मला वाटायचं आम्ही गावं बघतो. गुहागर, हर्णै, वेळास, दिवेआगर, सगळीकडं मला समुद्र, देऊळ, वाडी एवढंच दिसायचं. तिला माणसं दिसायची. घरी येऊन ती सांगायची त्यावरून मला ते गाव छान वाटायचं. म्हणजे मी पाहिलेलं असं काही

जाऊ दे.

२५ फेब्रु., बुध.

आज फोनवरून खोली घेतली. श्रीवर्धन. मोबाईलवर नंबर सापडला. घरगुती राहण्याची व जेवणाची सोय. एका बाईनं उचलला.

"कितीजण आहात?"

"दोघं."

"मिस्टर-मिसेस का?"

"हो."

"या की. मासे चालतात ना वहिनींना?"

"चालतात. आवडतात."

फोन ठेवला. खोटं बोललो असं बोलताना वाटलंच नाही. इतकी वर्षं कुणीही विचारलं की हेच उत्तर होतं. ठेवल्यावर वाटलं. परत लावून सांगावं असं दोनदा मनात आलं. मग ते म्हणतील, एकट्याला देत नाही.

तिथं पोचल्यावर सांगू, ऐनवेळी तिला जमलं नाही.

२७ फेब्रु., शुक्र. (पनवेलच्या गाडीत. अक्षर खराब.)

कालचं सगळं लिहून काढतो.

पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. मागं सुपारीची वाडी, पुढं पडवी असलेलं घर. मालकीण नलूताई, पन्नाशीची, बोलायला फटकळ. तिचे यजमान तात्या, शांत, बहुतेक वेळ पडवीत.

नलूताई दारातच. "आलात? आणि वहिनी कुठं?"

जमलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण तिनं पाण्याचे दोन तांबे भरून आणले होते. दोन. ते बघून माझ्या तोंडातून निघालं, "मागच्या गाडीनं येतेय."

"एकट्या? अहो, बायकोला मागं टाकून पुढं आलात? बरे आहात!" असं म्हणून हसायला लागली. "कामं असतील हो त्यांना. तुम्हा पुरुषांना काय, पिशवी उचलली की निघालात."

खोली दाखवली. दोन उश्या. खिडकीत तिनं अबोलीचा गजरा ठेवला होता, वाडीतलाच. म्हणाली, "वहिनींना."

तिथंच सांगायला हवं होतं. लिहायला सोपं आहे.

समुद्रावर जाऊन आलो. लांब किनारा. दिवे लागले होते. काय बघितलं आठवत नाही.

परत आलो तर आतून तळणीचा वास. नलूताई स्वयंपाकघरातून, "वहिनी आल्या की गरम वाढते. सुरमई आणलीय. सोलकढी करून ठेवलीय. त्यांना भाकरी तांदळाची चालेल का? देशावरचे तुम्ही लोक, बोलण्यावरून कळतं." चालेल म्हणालो. मं.ला तांदळाची भाकरी फार आवडायची, ती करायला शिकलीही होती. हे पण सांगितलं. मग नलूताईनं विचारलं, कुणाकडून शिकल्या? हर्णैला, एका सुनेकडून. मग मी सांगत गेलो. वाईच्या माहेराचं, निघताना ती रडल्याचं. मी इतकं कधी बोलत नाही. नलूताई हातातलं काम टाकून ऐकत होती. "येऊ देतच आज. दोघी बसतो रात्री गप्पा मारत."

साडेआठची शेवटची गाडी. तात्या टॉर्च घेऊन उठले. "चला पाहुणे, घेऊन येऊ वहिनींना. स्टँडवर या वेळेला रिक्षा नसते."

नको म्हणालो. "नको काय? अंधारात बाईमाणूस शोधत येणार घर?" मग मीही निघालो.

वाटेत तात्यांनी विचारलं, फोन लागतोय का त्यांचा? म्हणालो, रेंज नसेल घाटात. ते म्हणाले, हो, तिथं नसतेच.

स्टँडवर आम्ही दोघं बाकावर बसलो. तात्या सुपारी कातरत होते. गाडीला उशीर झाला. मी उठून सांगणार होतो, प्रत्येक वेळी वाटायचं आता सांगू. मग लांबून दिवे दिसले.

गाडी थांबली. तात्या दाराजवळ गेले आणि टॉर्च पायऱ्यांवर धरला, उतरणाऱ्याला दिसावं म्हणून. एक म्हातारा उतरला. दोन बायका उतरल्या, एकीच्या कडेवर मूल. कॉलेजच्या मुली. एक माणूस गोणी घेऊन. मी प्रत्येकाकडं बघत होतो. हे कसं लिहायचं कळत नाही. मला माहीत होतं. तरी मी नीट बघत होतो, एकेका तोंडाकडं, आणि कंडक्टर उतरला तेव्हा त्याच्या मागं अजून कुणी आहे का तेही वाकून बघितलं.

ड्रायव्हरनं आतले दिवे बंद केले.

तात्या म्हणाले, "सुटली का गाडी त्यांची? विचारू या का कंट्रोलरला?"

म्हणालो, "तात्या, ती येणार नाही. ती वारली. कार्तिकात."

त्यांनी टॉर्च विझवला. मग म्हणाले, "मग कुणाला घ्यायला आलो आपण?" रागानं नाही. खरंच विचारल्यासारखं.

घरी आल्यावर त्यांनीच आत जाऊन सांगितलं. नलूताई बाहेर आली ती संतापूनच. "असं कुणी करतं का हो? माझ्या घरात बसून माणूस मेलेल्या बायकोला जिवंत करतो आणि मी तिच्यासाठी भाकऱ्या थापते! ताट झाकून ठेवलंय मी तिचं!"

"एकट्याला खोली देत नाहीत म्हणून..."

"नाहीच देत! का देत नाहीत माहीत आहे? चार वर्षांमागं एकाला दिली होती. चांगला शिकलेला माणूस. सकाळी दार तोडावं लागलं. अजून त्या खोलीत मी एकटी झाडायला जात नाही." मग म्हणाली, "तुमचं कोण आहे? नंबर द्या."

अ.चा नंबर दिला. ती वाडीकडं जाऊन बोलत राहिली, खूप वेळ. परत आली तेव्हा राग उतरला होता, पण माझ्याकडं बघण्यात काहीतरी बदललं होतं. आधी मी पाहुणा होतो.

"जेवा," म्हणाली. जेवलो. तिनं पुढं बसून वाढलं. झाकलेलं ताट बाजूलाच होतं, त्यातलं कुणी खाल्लं नाही.

झोपायला गेलो तर तात्या दारात. "पाहुणे, एक सांगायचं. आतून कडी लावू नका."

म्हणालो, "मी तसलं काही करायला आलो नाही."

"नसालच. तरी लावू नका."

त्यांनी पडवीत, माझ्या दारासमोर, चटई टाकली. रात्रभर त्यांचा खोकला ऐकू येत होता. मी तसलं काही करायला गेलो नव्हतो. पण नव्हतो असं सांगताना वाटायला हवं होतं तेवढं ठाम वाटलं नाही, हे इथं लिहून ठेवतो. दुसरीकडं कुठं लिहिणार.

सकाळी चहा. नलूताई म्हणाली, "भाऊ, वाईट वाटून घेऊ नका. बोलले खूप." मग म्हणाली, "वहिनी तुमच्या चांगल्या होत्या हो. ऐकूनच कळलं." पैसे देऊन निघालो. गजरा खिडकीतच होता.

२७ फेब्रु., रात्री

पनवेल स्टँडवर अ. उभी होती. ऑफिस सोडून आली होती. डोळे सुजलेले. गाडीत बसलो. मग:

"तुम्ही आई येतेय म्हणून सांगितलंत?"

"हो."

"स्टँडवर जाऊन बसलात तिची वाट बघत?"

"हो."

"पप्पा, खरं सांगा. कशाला गेला होतात तिथं?"

"राहायला."

तिनं गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली. मला तिच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. सीटबेल्ट अडकला होता, तो काढेपर्यंत तिनं डोळे पुसले आणि गाडी चालू केली.

"एक रात्र राहून आलात, पण मी ती धरणार नाही," म्हणाली. मीही धरत नाही.

४ मार्च, बुध.

धुळवड. कंपनी बंद. खाली सोसायटीत पोरं पाणी उडवत होती. यंदा आमच्याकडं सण नाही. दार बंद ठेवलं.

दुपारी कुणी बेल वाजवली. उघडलं नाही. मग मोबाईलवर शेजाऱ्यांचा मेसेज, "पुरणपोळी दारात ठेवलीय." घेतली. अर्धी खाल्ली.

८ मार्च, रवि.

अ. संध्याकाळी आली, एकटीच. माझ्यासाठी उलव्यातल्या नव्या फ्लॅटचे फोटो. "ही तुमची खोली. बघा, खिडकीतून विमानं दिसतात." विमानं बघून काय करायचं असतं ते विचारलं नाही.

ती कपाट उघडून आईच्या साड्या बघत बसली. मग तिथूनच, पाठ करून म्हणाली, "मी लहान असताना मला आजीकडं ठेवून तुम्ही दोघं जायचात. मला वाटायचं त्या गावांमध्ये काय असं आहे. लग्न झाल्यावर आम्ही जाऊन आलो वेळासला. काहीच नाही तिथं."

"हो," म्हणालो.

"मग?"

"मलाही नव्हतं दिसत. तुझी आई सांगायची ते."

ती वळली. एवढं मी तिच्याशी आईबद्दल पहिल्यांदा बोललो असेन. चहा करून प्यायलो. जाताना म्हणाली, "पाडव्याला मालकाला सांगायचंय. तुम्ही हो म्हणा ना."

पाडव्याला सांगतो म्हणालो.

१३ मार्च, शुक्र.

झोपून. संध्याकाळी खाडीपर्यंत चालत गेलो, परत आलो.

उलव्याला जाण्यात वाईट काही नाही. इथं राहण्यात चांगलं काही नाही. मग अडलंय कुठं ते शोधतोय. एवढंच सापडलं, की तिथं गेल्यावर मला कुणी कधी विचारणार नाही, किती जण. माझ्यासाठी सगळं कुणीतरी दुसरंच बोलेल. आजवरही दुसरंच बोलत होतं, पण ती मं. होती.

१९ मार्च, गुरु. पाडवा.

कंपनी बंद. गुढी नाही. समोरच्या सगळ्या बाल्कन्यांत आहेत.

सकाळी अ.चा फोन, मालक संध्याकाळी येणार आहे. म्हणाली, "दुपारपर्यंत सांगा."

साडेबारापर्यंत नुसता बसलो. मग मोबाईलवर केळशीचं एक घर शोधलं. केळशी आम्ही दोघांनीही बघितलेली नाही. खाडीच्या तोंडाशी आहे, मोठी वाळूची टेकडी आहे असं लिहिलंय. माझ्यासाठी त्या टेकडीत काही नाही हे मला जायच्या आधीच माहीत आहे. तरी फोन लावला. शनिवारी रजा टाकता येईल.

एका बाईनं उचलला. मागं भांड्यांचा आवाज, सणाचा स्वयंपाक चालला असावा.

"उद्याच्या रात्री खोली मिळेल का?"

"मिळेल. किती माणसं?"

"एक."

"एकच? फॅमिली नाही सोबत?"

"नाही. बायको वारली. चार महिने झाले. मी घणसोलीला असतो, पावण्याला कंपनीत लॅबमध्ये आहे. मुलगी आहे उलव्याला, तिचा नंबर देतो. हवं तर आतून कडी लावणार नाही."

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. पण सगळं एका दमात निघालं. अनोळखी माणसाला आयुष्यात एवढं सलग बोललो नसेन.

पलीकडं भांड्यांचा आवाज थांबला. बाई म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "ह्यांना विचारते. पूजेला बसलेत. विचारून फोन करते तुम्हाला."

"करा," म्हणालो. अ.चा नंबर तिनं मागितला नाही. मी पण आपणहून दिला नाही.

दोन वाजता अ.चा फोन. "पप्पा, काय सांगू मालकाला?"

"जरा थांब."

"कशासाठी?"

"एक फोन यायचाय."

"कुणाचा?"

सांगितलं नाही. ती म्हणाली, "सहापर्यंत थांबते. त्यानंतर मी हो सांगणार." सांग म्हणालो. तिचं बरोबर आहे. ती पुष्कळ थांबली.

चार वाजले. जेवलो नाही. पिशवी भरली नाही. भरली आणि नाही म्हणाले तर रिकामी करावी लागेल.

साडेपाच. ते हो म्हणाले तरी तिथं जाऊन मी काय करणार, वाळूवर उभा राहीन आणि परत येईन. त्यानं मला एकट्यानं राहता येतं हे कसं सिद्ध होणार तेही आता मला सांगता येणार नाही.

समोर गुढ्या उतरवायला लागलेत. दोनदा फोन हातात घेतला. आपणच परत लावला तर त्यांना वाटेल, घाई आहे. एकट्या माणसाची घाई बघून कुणी खोली देणार नाही.

म्हणून लावला नाही. बसलोय.